फिरत्या चुंबकीय फील्डमध्ये कोलॉइडचे क्रिस्टल कसे जमवायचे (आणि ते का जमत नाहीत)

कोलॉइड म्हणजे पाण्यात पसरलेले मायक्रॉनच्या घरातले बारीक कण, आणि इथे क्रिस्टल म्हणजे असे चुंबकीय कण नीट रांगेत बसून झालेली चादर, मायक्रोस्कोपखाली बघायची. आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मला कळायला बरेच महिने गेले. फील्ड जितकं जोरात तितका क्रिस्टल छान, असं वाटतं ना, ते साफ उलटं आहे. जोरदार फील्डमध्ये कण धावत येतात, जिथे धडकतील तिथेच अडकतात आणि वेडावाकडा गठ्ठा होऊन बसतात, मग तासभर बघत बसा, काही हलत नाही. फील्डचं काम कणांना जवळ आणायचं, बास. त्यांना नीट रांगेत बसवायचं काम पाण्याचे रेणू करतात, चहूबाजूंनी सतत धक्के देऊन. त्यामुळे फील्ड एवढंच ठेवायचं की कण पळून जाणार नाही पण जागा बदलायची झाली तर बदलू शकेल. बाकी सगळी कॉइल, अ‍ॅम्प्लिफायर वगैरे भानगड ह्या एका गोष्टीसाठीच आहे.

आता फील्ड फिरवायचं कशाला? सुपरपॅरामॅग्नेटिक कण म्हणजे पॉलिस्टायरिनचा गोळा आणि त्याच्या आत आयर्न ऑक्साइडचे साधारण १० नॅनोमीटरचे बारीक क्रिस्टल पेरलेले. फील्ड लावलं की तो चुंबक होतो, काढलं की नाही. असे दोन कण फील्डच्या दिशेत एकामागे एक आले तर एकमेकांना ओढतात, शेजारी शेजारी आले तर ढकलतात, आणि ओढायचा जोर ढकलायच्या दुप्पट असतो. स्थिर फील्डमध्ये म्हणूनच फक्त लांबच लांब साखळ्या होतात. पण तेच फील्ड आडव्या प्लेनमध्ये भराभर गोल फिरवलं तर प्रत्येक जोडी क्षणात एकामागे एक, क्षणात शेजारी शेजारी, आणि सरासरी काढली की थोडी ओढ शिल्लक राहते. ती पूर्ण ओढीच्या एक चतुर्थांश असते पण प्लेनमध्ये सगळ्या दिशांना सारखी, आणि प्लेनच्या वरखाली मात्र कण एकमेकांना ढकलतच राहतात. म्हणजे थर एकावर एक चढत नाहीत, एकच पातळ चादर तयार होते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी.

"भराभर" म्हणजे किती हे महत्त्वाचं आहे. फील्ड हळू फिरलं तर साखळीच त्याच्यामागे फिरते, जरा जास्त झालं की पाण्याच्या विरोधामुळे मागे पडते, एस आकारात वाकते आणि मधून तुटते. अजून वाढवा, तुकडे अजून छोटे. मग एका टप्प्यानंतर कणांना फील्डच्या मागे जाणं जमतच नाही आणि त्यांना फक्त सरासरी जाणवते. २.८ मायक्रॉनचे कण आणि २ मिलिटेस्ला (टेस्ला हे फील्डच्या ताकदीचं एकक) फील्ड असेल तर दोन कणांची जोडीसुद्धा एक-दोन हर्ट्झच्या वर मागे पडायला लागते, त्यामुळे ४० हर्ट्झ म्हणजे आपण एकदम सेफ. फील्ड वाढवलं तर ही मर्यादा त्याच्या वर्गाने वाढते, तेवढं डोक्यात ठेवा.

हे साखळ्यांचं प्रकरण एकदा तरी बघाच, त्याला कॉइलसुद्धा लागत नाही. १ सेंटिमीटरचा निओडिमियम क्यूब घ्या, सॅम्पलच्या बाजूला साधारण ५ सेंटिमीटरवर धरा (तिथे दीड मिलिटेस्लाच्या आसपास मिळतं) आणि सॅम्पलभोवती हाताने हळू फिरवा. साखळ्या घड्याळाच्या काट्यासारख्या मागे मागे येतात. फक्त मॅग्नेट अजून जवळ नेऊ नका, सगळे कण त्याच्याकडे ओढले जातील आणि सॅम्पल वाया. हाताने फिरवायच्या ह्याच आयडियाची मोठी आवृत्ती म्हणजे ग्रझिबोव्स्की, स्टोन आणि व्हाइटसाइड्स यांचा २००० सालचा प्रयोग, त्यांनी द्रवाच्या पृष्ठभागावर मिलिमीटर आकाराच्या चकत्या ठेवल्या आणि खालून एक बार मॅग्नेट फिरवला, चकत्या आपोआप ठराविक अंतर ठेवून सुंदर पॅटर्नमध्ये फिरायला लागल्या. तिथे चकत्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या फिरण्याने द्रवात तयार होणारे भोवरे, आपल्याकडचं गणित वेगळं आहे, पण वाचण्यासारखं काम आहे.

कॉइल

चार कॉइल, चौकोनाच्या चार बाजूंवर, तोंड मधल्या सॅम्पलकडे. समोरासमोरच्या दोघी सिरीजमध्ये. बरेच जण हेल्महोल्ट्झ अंतरावर, म्हणजे त्रिज्येएवढ्या अंतरावर ठेवायला जातात, पण सारख्या मापाच्या दोन काटकोनी जोड्या तशा ठेवल्या तर एकमेकींत घुसतात, मग एक जोडी दुप्पट मोठी करा वगैरे सुरू होतं. सोडून द्या. आपल्याला मधला अर्धा-एक मिलिमीटर एकसारखा हवाय, तेवढं साध्या रचनेत आरामात मिळतं.

माझं माप सांगतो: प्रत्येक कॉइल २०० वेढे, अर्ध्या मिलिमीटरची इनॅमल्ड तांब्याची तार, सरासरी त्रिज्या २० मिलिमीटर, कॉइलचा मध्य सॅम्पलपासून ३० मिलिमीटरवर. १ अँपिअरला मध्ये साधारण २.१ मिलिटेस्ला येतात. जोडीचा रेझिस्टन्स साडेचार ओहमच्या आसपास, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरच्या जागी लावा, साध्या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरला फरक कळत नाही. १०० हर्ट्झपर्यंत इंडक्टन्सचा (बदलत्या करंटला कॉइल करते त्या विरोधाचा) फार त्रास नाही, १ किलोहर्ट्झला मात्र तोच सगळा करंट खाऊन टाकतो. आत लोखंडी कोअर घालायचा मोह होईल, फील्ड वाढतं म्हणून, घालू नका, लोखंड आधीचं चुंबकत्व धरून ठेवतं (हिस्टेरेसिस), त्यामुळे फील्डचा आकार बिघडतो आणि वाढीव फील्ड आपल्याला नकोच आहे.

होल्डर प्लास्टिकचा, अ‍ॅक्रिलिक किंवा थ्रीडी प्रिंट. स्क्रूसुद्धा नायलॉनचे. कॉइलच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट असेल तर त्यात एडी करंट (बदलत्या फील्डमुळे धातूत फिरणारे करंट) तयार होतात, स्टीलचं काही असेल तर ते फील्ड स्वतःकडे वळवतं, आणि मायक्रोस्कोपच्या काही ऑब्जेक्टिव्हमध्ये (सॅम्पलजवळच्या भिंगांत) आतली स्प्रिंग स्टीलची असते. ऑब्जेक्टिव्हजवळ छोटा मॅग्नेट नेऊन चिकटतो का बघा, पण ऑब्जेक्टिव्ह काढून, टेबलावर ठेवून, लेन्सपासून लांब.

आता माझी फजिती. पहिल्यांदा सगळं जोडलं, फील्ड चालू केलं आणि कण मध्ये जमायच्या ऐवजी बाहेर बाहेर सरकायला लागले. दोन दिवस मी सॅम्पल बदलत होतो, कण धुतोय, काच धुतोय, जोडीतली एक कॉइल उलटी असेल असं मनातही आलं नाही. समोरासमोरच्या दोन कॉइलमधली एक उलटी जोडली की मध्ये त्या जोडीचं फील्ड शून्य आणि कडेला जास्त, मग कण जास्त फील्डकडे पळणारच. तेव्हापासून मी आधी प्रत्येक जोडीला १ अँपिअर डीसी देतो आणि मध्ये हॉल सेन्सर (फील्ड मोजणारा) धरून बघतो, आकडा हिशोबाजवळ आला तरच पुढे.

सिग्नल

फंक्शन जनरेटरला दोन चॅनल असतील तर प्रश्नच नाही, ९० अंश फेज लावा, म्हणजे एक सिग्नल दुसऱ्याच्या पाव फेरा मागे, त्यानेच फील्ड गोल फिरतं. नसेल तर कॉम्प्युटरचं साउंड कार्ड चालतं, डावा चॅनल एका जोडीला, उजवा दुसऱ्या जोडीला. ऑडॅसिटी ह्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ४० हर्ट्झची साइन वेव्ह करा, सॅम्पल रेट ४८००० ठेवा, आणि एक चॅनल ३०० सॅम्पलने पुढे सरकवा. ४० हर्ट्झचा एक फेरा २५ मिलिसेकंदांचा, त्याचा पाव म्हणजे ६.२५ मिलिसेकंद, म्हणजे बरोब्बर ३०० सॅम्पल, अपूर्णांक नाही, म्हणून मी ४० धरतो. ४४१०० ला पाव फेरा पूर्ण सॅम्पलमध्ये बसत नाही. आणि साउंड सेटिंगमधली बास बूस्ट, सराउंड, एन्हान्समेंट असली सगळी कलाकारी बंद, ती फेजची वाट लावते. साउंड कार्ड आणि ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही २० हर्ट्झच्या खाली हात वर करतात, त्यामुळे हळू फिरणाऱ्या फील्डसाठी डीसीपासून चालणारा अ‍ॅम्प्लिफायर हवा, किंवा वरचा हाताने मॅग्नेट फिरवायचा जुगाड.

फील्ड खरंच गोल आहे का हे बघितल्याशिवाय सॅम्पल ठेवूच नका. प्रत्येक जोडीच्या सिरीजमध्ये १ ओहमचा जाड रेझिस्टर टाका, त्यावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपला द्या आणि एक्स-वाय मोड लावा, म्हणजे एक सिग्नल आडवा आणि दुसरा उभा. पण अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज प्रकारचा असेल तर थांबा, त्याच्या आउटपुटची कुठलीच तार ग्राउंड नसते आणि स्कोपची ग्राउंड क्लिप लावली की शॉर्ट. वर्तुळ दिसलं की झालं. लंबगोल दिसला तर आधी एका चॅनलचा गेन कमी जास्त करा, तरी तिरका राहिला तर फेज सरकवा. दोन्ही चॅनलच्या स्केल सारख्या आहेत ना ते बघून घ्या, मी एकदा ह्यातही फसलोय. लंबगोलाचा परिणाम थेट दिसतो, चादरी गोल व्हायच्या ऐवजी सगळ्या एकाच दिशेला लांबट होतात.

आणि मल्टिमीटरवर दिसतो तो आरएमएस करंट, एक प्रकारची सरासरी, शिखराचा (पीक) आकडा नाही. फिरत्या फील्डची ताकद पीक करंटवर असते, म्हणजे आरएमएसच्या १.४१ पट. ओढ फील्डच्या वर्गावर जाते त्यामुळे वहीत नुसतं "०.५ अँपिअर" लिहिलं आणि कुठला ते नाही लिहिलं तर नंतर एनर्जीत सरळ दुपटीचा घोळ.

सॅम्पल

कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे, कार्बॉक्सिल लावलेले (त्याने पाण्यात कणांवर चार्ज येतो), सगळे एकाच मापाचे. माप एकसारखं नसेल तर क्रिस्टल होणारच नाही. लोखंडाची पावडर किंवा कायम चुंबक असलेले कण चालत नाहीत, ते फील्ड बंद केलं तरी एकमेकांना सोडत नाहीत. मी २.८ मायक्रॉनवाले वापरतो, ह्यांची घनता पाण्याच्या साधारण दीडपट, काही सेकंदांत खाली बसायला लागतात, १०० मायक्रॉन उंचीच्या चेंबरमध्ये मिनिटभरात सगळे तळाला. हे आपल्याला हवंच आहे. तळापासून ते सरासरी १०० नॅनोमीटरसुद्धा वर उडत नाहीत, म्हणजे गुरुत्वाकर्षणानेच सगळं एका प्लेनमध्ये आणून दिलं.

धुवायची पद्धत: ट्यूबच्या बाजूला मॅग्नेट धरा, कण भिंतीला गोळा झाले की पाणी काढून टाका, ताजं डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं, डीआय) पाणी घाला, मॅग्नेट काढून हलवा. असं तीनदा. शेवटच्या पाण्यात ०.१ टक्का एसडीएस (एक साबणासारखं डिटर्जंट). मीठ असलेलं बफर अजिबात नको, मिठाने कणांवरच्या चार्जचा प्रभाव झाकला जातो आणि ते एकमेकांना आणि काचेला चिकटतात. काच डिटर्जंटमध्ये सोनिकेट करून (अल्ट्रासाउंडने हलवून) भरपूर डीआय पाण्याने धुतलेली. वापरायच्या आधी कण पाच मिनिटं बाथ सोनिकेटरमध्ये ठेवा, जोड्या सुटतात.

किती घालायचे? तळाचा साधारण १० टक्के भाग झाकला जाईल एवढे. १०० मायक्रॉन उंचीच्या चेंबरला हे प्रति मिलिलिटर ३ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. चेंबर म्हणजे दोन कव्हरस्लिप आणि मध्ये पातळ दुहेरी चिकटपट्टी, सगळ्या कडा नीट सील केलेल्या. एक बारीक भोक राहिलं तरी पाणी वाळताना प्रवाह सुरू होतो आणि सगळे कण मिरवणुकीसारखे एका बाजूला चालायला लागतात.

फील्ड लावायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा. प्रत्येक कण थरथरतोय का? जो थरथरत नाही तो काचेला चिकटलाय. दहात एखादा असेल तर ठीक, निम्मे असतील तर ते सॅम्पल फेका, त्यातून काही निघणार नाही.

चालवणं

आधी २ मिलिटेस्ला, ४० हर्ट्झ, दोन-तीन मिनिटं. हे फक्त गोळा करण्यासाठी. ४० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हखाली बघत राहा, पहिल्या काही सेकंदांत जोड्या होतात, मग तीन कणांचे त्रिकोण, मग चौथा येऊन पतंगाचा आकार. सात कणांचं फूल, एक मध्ये आणि सहा भोवती, हे पहिल्यांदा जमताना बघितलं की माणूस ह्या नादाला लागतो. एखादा कण फुलाच्या कडेवर चुकीच्या ठिकाणी येऊन बसतो, जरा थरथरतो, आणि कडेकडेने घरंगळत बरोबर खाचेत जाऊन पडतो.

पण हे कडेला होतं. आतमध्ये गडबड असते, दोन तुकडे वाकडे येऊन भिडले की मध्ये शिवण दिसते, आणि २ मिलिटेस्लाला ती शिवण जात नाही. हिशोब बघा, ससेप्टिबिलिटी (कण फील्डमध्ये किती सहज चुंबक होतो ते) ०.८ धरली तर २.८ मायक्रॉनच्या दोन चिकटलेल्या कणांमधली सरासरी ओढ २ मिलिटेस्लाला शंभर केटीच्या वर जाते. केटी म्हणजे तापमानाने मिळणाऱ्या धक्क्याचं माप, शंभर केटीचं कुलूप धक्क्यांनी उघडत नाही. फील्ड चौथ्या भागावर आणलं, ०.५ मिलिटेस्ला, तर ओढ सोळापट कमी, सात केटीच्या आसपास. इथे मजा सुरू होते. कडेचे कण अधूनमधून सुटतात, परत बसतात, शिवण सरकायला लागते. कण १ मायक्रॉनचे असतील तर २ मिलिटेस्लालाच तुम्ही ह्या टप्प्यात असता, कारण ओढ व्यासाच्या घनावर जाते, म्हणून दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

तर गोळा करून झालं की करंट चौथ्या भागावर आणा आणि सोडून द्या, अर्धा तास तरी. ह्यातही अडलं तर फील्ड चालू-बंद करायचं, १ सेकंद चालू, १ सेकंद बंद. १ सेकंदात काचेजवळचा कण साधारण अर्धा मायक्रॉन भटकतो, म्हणजे व्यासाच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा, चादर सैल होते पण विस्कटत नाही. दहा सेकंद बंद ठेवलं तर मात्र कडा विरघळायला लागतात. ऑडिओ फाइलमध्येच एक-एक सेकंदाची शांतता टाकून ठेवली की आपण चहाला मोकळे.

चादर किती नीट बसलीय हे मोजायचं असेल तर फिजीमध्ये (चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर) किंवा पायथनच्या ट्रॅकपायने कणांची केंद्रं काढा आणि प्रत्येक कणाचा साय-सिक्स काढा, म्हणजे शेजाऱ्यांच्या दिशांचे कोन सहाने गुणायचे, प्रत्येक कोनाच्या दिशेत १ लांबीचा बाण धरायचा आणि त्या बाणांच्या सरासरीची लांबी काढायची. अगदी नीट षट्कोनात बसलेल्याचा १ येतो. कडेच्या कणांना सहा शेजारी नसतातच, ते सरासरीतून वगळा, नाहीतर छोट्या चादरी उगाच वाईट दिसतात.

काही विचित्र दिसलं तर

चादर स्वतःभोवती हळू फिरतेय? घाबरू नका, फिरायलाच हवी. कणांची मॅग्नेटायझेशन फील्डच्या किंचित मागे राहते, त्यामुळे थोडा टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो, टिएर्नो, मुरुगनाथन आणि फिशर यांनी २००७ मध्ये असे फिरणारे क्लस्टर नीट अभ्यासलेत. डावा-उजवा चॅनल अदलाबदल करा, फिरायची दिशा उलटली पाहिजे. उलटली नाही तर ते फील्डमुळे नाही, कुठेतरी गळतीचा प्रवाह आहे.

फील्डची फ्रीक्वेन्सी आणि कॅमेऱ्याचा रेट एकमेकांच्या पटीत ठेवू नका. ३० फ्रेमला ३० हर्ट्झ घेतलंत तर फील्डच्या प्रत्येक फेऱ्याला होणारी हालचाल कॅमेऱ्याला दिसतच नाही, सगळं स्थिर वाटतं आणि आपण खूश.

कण एकमेकांवर चढतायत? बहुतेक वेळा कण जास्त झालेत, नाहीतर फील्डचं प्लेन तिरकं आहे, कॉइल आणि सॅम्पल एका उंचीवर आहेत का बघा.

मॅग्नेटिक कण मिळत नसतील तर उलटा मार्ग पण आहे, साधे पॉलिस्टायरिन गोळे फेरोफ्लुइडमध्ये टाकायचे, मग गोळे म्हणजे चुंबकीय द्रवातली भोकं आणि ती भोकं चुंबकासारखी वागतात. शेल्टॉर्पने (Skjeltorp) हे १९८३ मध्ये दाखवलं. फेरोफ्लुइड काळं असतं त्यामुळे थर खूप पातळ घ्यावा लागतो, मला स्वतःला हे फार किचकट वाटलं. इलेक्ट्रिक फील्डनेही हेच होतं, चार इलेक्ट्रोड आणि ०, ९०, १८०, २७० अंशांचे चार सिग्नल, कण मॅग्नेटिक असायची गरज नाही. पण इलेक्ट्रोडमधलं अंतर बारीक हवं म्हणजे लिथोग्राफी (काचेवर धातूच्या बारीक आकृत्या छापायची पद्धत) आली, पाण्यात फ्रीक्वेन्सी बरीच वर, दहा-शंभर किलोहर्ट्झच्या घरात ठेवावी लागते, खाली आलात की इलेक्ट्रोडजवळ पाणी वाहायला लागतं आणि अजून खाली आलात की बुडबुडे. पहिल्यांदा करणाऱ्याने मॅग्नेटिकच करावं.

हे सगळं जमलं की सॅम्पलच्या खाली एक पाचवी कॉइल ठेवा, उभ्या दिशेची, तिला साधा डीसी. आता फील्ड शंकूसारखं फिरतं. उभं फील्ड वाढवत गेलात की चादरीतली ओढ कमी कमी होते, आणि फील्ड उभ्या अक्षाशी ५४.७ अंशांवर आलं की दोन कणांमधली सरासरी ओढ शून्य. फिरतं फील्ड १ मिलिटेस्ला असेल तर उभं ०.७१ ला हे होतं. ह्या कोनावर दोनपेक्षा जास्त कणांच्या एकत्रित परिणामाचं राज्य असतं, ओस्टरमन आणि मंडळींनी २००९ मध्ये इथेच पाण्यात तरंगणारे एक कण जाडीचे पडदे तयार केले होते. आपल्या तळाला बसलेल्या चादरीत मात्र उभं फील्ड अजून थोडं वाढवलं की ओढीचं ढकलणं होतं आणि सगळी चादर एकदम उमलते, कण एकमेकांपासून सरकून मोकळ्या अंतरावर थांबतात. उभा करंट कमी केला की परत मिटते. नॉब फिरवायच्या आधी रेकॉर्डिंग चालू आहे ना ते बघा, माझं पहिल्या वेळी नव्हतं.